‘कॉस्टिक ओता, विषय संपला’ म्हणे!

काठावरचा केमिस्ट: काल एका महाशयांनी ठोकून दिलं, ‘ट्रॉम्बेच्या अणुकचऱ्यातलं आम्ल घालवायला वीज कशाला जाळता? कॉस्टिक सोडा ओता, विषय संपला.’ अहो, संपत नाही, वाढतो! प्युरेक्समधून, म्हणजे वापरलेल्या अणुइंधनातून युरेनियम-प्लुटोनियम वेगळं काढायच्या प्रक्रियेतून, निघणारा जहाल किरणोत्सारी द्रव नायट्रिक आम्लातच असतो, तीन-चार मोलर, म्हणजे चांगलंच तीव्र. कॉस्टिक घातलं की सोडियम नायट्रेटचं ओझं वाढलं, आणि शेवटी ते सगळं वितळलेल्या काचेत मिसळून गोठवायचंय. काचेत सोडियमला जागा मोजकी. विजेने कॅथोडवर, म्हणजे ऋण टोकावर, नायट्रेटचं क्षपण होतं, म्हणजे त्यातला ऑक्सिजन सुटतो, नायट्रोजन ऑक्साइड निघतात, ते पाण्यात शोषून पुन्हा आम्ल करता येतं. वरून काही घालायला नको.

रोकडा सवाल: महाशय म्हणजे मीच. नाव घ्यायला लाज वाटते? फॉर्माल्डिहाइडनेही आम्ल मारता येतं, तेही सोडियमशिवाय. मग वीज हवीच कशाला?

काठावरचा केमिस्ट: काल कॉस्टिक, आज फॉर्माल्डिहाइड! ती क्रिया आधी गप्प बसते, मग एकदम उसळते. इथे करंट तोडला की आवरते.

माहुलकरीण: तुमचं क्षपण चालू द्या. ट्रॉम्बेशेजारी माहुलला आम्ही खिडकी उघडू शकत नाही, त्याचं काय? तक्रार केली तर साहेब म्हणतात, वारा बदलेल.

काठावरचा केमिस्ट: ताई, तो त्रास रिफायनऱ्यांचा. धागा वेगळा आहे.

माहुलकरीण: धागा वेगळा, हवा एकच! तानसा पाइपलाइनलगतची कुटुंबं इथे आणून टाकली. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना दुसरीकडे राहायला महिना १५,००० भाडं द्यायला सांगितलं, ते उगीच?

घाटकोपरचा बाळू: माझी मावशी त्यातलीच. खोकून खोकून रात्री उठून बसायची. शास्त्रज्ञांनी आधी तिथे आठवडाभर राहून दाखवावं.

काठावरचा केमिस्ट: माझा जन्म चेंबूरचा आहे, मला खोकला शिकवू नका!

पाळीवाले काका: भांडून झालं? दोघे केमिस्ट कागदावर पोहताय. इलेक्ट्रोड प्लॅटिनम चढवलेल्या टायटॅनियमचा घेतलात तरी कधीतरी बदलायचाच, तोही जाड शिशाच्या काचेमागून, मॅनिप्युलेटरने, म्हणजे यांत्रिक हाताने. साधं गॅस्केट बदलताना आमचा घाम निघायचा. आणि आम्ल फार खाली आणलंत तर कचऱ्यातल्या झिर्कोनियम-मॉलिब्डेनम धातूंचा गाळ बसून नळ्या तुंबतील.

रोकडा सवाल: घ्या! वीजवाल्यांची हौस फिटली.

काठावरचा केमिस्ट: काकांचं इलेक्ट्रोडचं मान्य. तुमच्या कॉस्टिकचं नाही.

रोकडा सवाल: बरं बाबा, कॉस्टिक राहू दे तुझ्या घरचं मोरीचं तोंड मोकळं करायला.

माहुलकरीण: आणि आमच्या खिडकीचं?