सोलचा ओढा दाखवून घाई विकू नका

रुंदरस्ता: आशियातल्या मोठ्या प्रकल्पांवरच्या या धाग्यात श्रीलंका, लाओस, सिक्कीम... अपयशाच्या गोष्टी पुरे झाल्या. दक्षिण कोरियाची राजधानी सोलने 2003 मध्ये चोंग्येचॉन ओढ्यावरचा उड्डाणमार्ग पाडायला घेतला आणि 2005 मध्ये ओढा लोकांसाठी खुला केला. दोन वर्षांत! आशियाचा धडा एवढाच की निर्णय घ्या, बांधा, लोकांच्या सुनावण्या नंतर.

पाणवठा: हे वाचून राहवलं नाही. त्या ओढ्यातलं बहुतेक पाणी हान नदीतून पंपाने आणून सोडतात, ते का गाळलंत? तिथले फेरीवाले उठवले, तेही गाळलंत. घाई कुठे नडते ते ऑक्टोबर 2023 मध्ये दिसलं. सिक्कीममधला दक्षिण ल्होनाक हिमतलाव फुटला आणि चुंगथांगचं तिस्ता-3 धरण वाहून गेलं. 1200 मेगावॉटचा प्रकल्प! तलाव धोक्याचा आहे, हे अभ्यासक आधीपासून सांगत होते.

रुंदरस्ता: एका आपत्तीवरून सगळ्या जलविद्युतेला दोष देऊ नका. भूतानने छुखा जलविद्युत प्रकल्पापासून सुरुवात केली आणि भारताला वीज विकून तिजोरी भरली.

आजोळकर: विजेचं सोडा, उठवलेल्या माणसांचं बोला. माझं आजोळ धरणात गेलं. बदल्यात मिळालेली जमीन निव्वळ मुरमाड, आणि सातबारा आजीच्या नावावर व्हायला अकरा वर्षं लागली. तोवर ती भावाच्या दारात राहिली.

कालवाकाठ: आमच्याकडे कालवा आला त्या वर्षी वडिलांचं ऊसतोडीला जाणं थांबलं. मी शिकलो तो त्या पाण्यावर. आजीचं दुःख खरं, मग आमची भूक खोटी होती का?

आजोळकर: खोटी कशी म्हणेन? पण तुमच्या पाण्याची किंमत तिने भरली आणि तिच्या शेताला थेंब मिळाला नाही. नर्मदेवरच्या सरदार सरोवराबद्दल जागतिक बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने 1992 मध्ये बँकेला बजावलं होतं की असं पुनर्वसन होणार नाही. 1993 मध्ये बँकेचं कर्ज थांबलं, भिंत मात्र 138.68 मीटरपर्यंत चढलीच. महाराष्ट्रातली 33 गावं बुडितात आली.

रुंदरस्ता: धागा आशियावर आहे. दर वेळी नर्मदेवर का नेता?

पाणवठा: त्याच बुडितातलं मणिबेली गाव आशियाबाहेर आहे का? चिडू नका, उत्तर द्या.

रुंदरस्ता: बरं, सुनावणी आधी घ्या. एवढं सोडतो. पण तिला मुदत हवी, वर्षानुवर्षं चालायला नको.

आजोळकर: चालेल. तीच मुदत सातबाऱ्यालाही लावा.

कालवाकाठ: आजीला मिळालेली ती जमीन आता कोण कसतं?

आजोळकर: पडीक आहे. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की मामा जुन्या शिवारात जाऊन गाळपेर करतो, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरतो.