मदत हवी आहे : पॅरिसच्या जुन्या घरात आपले रंग कसे बसवावेत?

नमस्कार मंडळी,

घर लावण्याबद्दल सल्ला हवा आहे. इथे फ्रान्समध्ये राहणारे बरेच जण आहेत आणि कापड, रंग, जुन्या वस्तू यांतले जाणकारही आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही दोघं नुकतेच पॅरिसच्या दहाव्या विभागात भाड्याच्या घरात राहायला आलो. इमारत औस्मान या अधिकाऱ्याच्या काळातली आहे, म्हणजे १८५३ ते १८७० या वर्षांत शहरातले रुंद रस्ते नव्याने आखले गेले तेव्हाची. बाहेरून पिवळसर दगड आणि लोखंडी जाळीच्या गॅलऱ्या. आत ओकच्या पट्ट्यांची तिरक्या नक्षीची जमीन, छताच्या कडेने प्लास्टरची वेलबुट्टी, बैठकीत पांढऱ्या संगमरवराची शेकोटी आणि तिच्यावर छताकडे जाणारा सोनेरी चौकटीचा आरसा. शेकोटी केव्हाचीच बंद केलेली आहे. भिंती सगळ्या पांढऱ्या. घर पूर्ण रिकामं मिळालंय.

मला हे घर मनापासून आवडलंय. फ्रेंच घरांचं मला शाळकरी वयापासून वेड आहे. त्यांच्या घरात काहीच जुळवून आणल्यासारखं वाटत नाही. आजीची खुर्ची, जुन्या बाजारातला दिवा, खिडकीत एकच फुलांचा चंबू, आणि तरी सगळं छान दिसतं. ते मला हवंय.

पण माझ्याबरोबर आलेलं सामान वेगळंच आहे. आजीने नऊवारी लुगड्यांची शिवलेली गोधडी, त्यात हिरवा, जांभळा, कुंकवासारखा लाल असे सगळे रंग. पितळी समई, तांब्याचं घंगाळ, ताम्हण. सावंतवाडीच्या गंजिफाची डबी, गोल पत्त्यांसकट. आईची एक हळदी रंगाची इरकल, जी मला पडद्यासाठी वापरायची आहे (आईची परवानगी घेतलीय). नवऱ्याचं म्हणणं, इथे आलोय तर इथल्यासारखं राहू, पांढरं-करडं-फिकट ठेवू. मासिकांतली चित्रंही तेच सांगतात. मला मात्र हे सामान कपाटात ठेवायचं नाहीये.

तर विचारायचंय असं की हे सगळं या घरात शोभेल कसं? हस्तकलेच्या प्रदर्शनासारखं दिसायला नको आणि हॉटेलच्या खोलीसारखंही नको. भिंतीला रंग द्यावा का? देव कुठे ठेवावेत? फर्निचर जुनं घ्यायचंय, ते कुठून घ्यावं? आई-बाबा गणपतीच्या आधी येणार आहेत, तोवर घर उभं राहायला हवं.

— खिडकीपाशी

.

दिवेलागण :

अभिनंदन! सुंदर घर मिळालंय. मी याच शहरात बरीच वर्षं राहते, म्हणून आधी उजेडाबद्दल सांगते.

पांढऱ्या भिंती मुळात उजेडासाठी आहेत. मुंबई १९ अक्षांशावर, पॅरिस जवळजवळ ४९ वर. डिसेंबरात सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि संध्याकाळी पाचच्या आत मावळतो, मधल्या वेळातही आभाळ राखाडी असतं. शेकोटीवरचा तो मोठा आरसा खिडकीचा उजेड परत खोलीत टाकतो. म्हणून आरशासमोर काही उंच ठेवू नका आणि बैठकीच्या भिंती निदान पहिला हिवाळा पांढऱ्याच राहू द्या. रंग कापडातून आणा. गोधडी सोफ्यावर पसरा. पांढऱ्या खोलीत ती जितकी खुलेल तितकी रंगीत खोलीत खुलणार नाही.

इरकलीचा पडदा मात्र दक्षिणेच्या खिडकीला थेट लावू नका, उन्हाळ्यात इथे रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड असतो आणि रेशमाचा रंग उडतो. मागे पांढऱ्या सुती कापडाचं अस्तर लावून घ्या.

आणि छतावरचा एकच मोठा दिवा लावून बसू नका. फ्रेंच घरातल्या संध्याकाळीचं अर्धं सौंदर्य तीन-चार लहान दिव्यांत असतं. एक जमिनीवर, एक पुस्तकांपाशी, एक शेकोटीच्या कट्ट्यावर. जुन्या बाजारात दिवा घेतलात तर होल्डर बघा. इथल्या जुन्या दिव्यांत आपल्यासारखा खटक्याचाही असतो, नव्यांत बहुधा आट्यांचा. वायर जुनी असेल तर बदलून घ्यायचीच.

कापडचोपड :

धागा वाचून राहवलं नाही. मी कापडाच्या कामातली आहे आणि तुमच्या नवऱ्याला हे जरूर वाचायला द्या.

'इथल्यासारखं' म्हणजे फिकट, ही समजूत अलीकडची आहे. सतराव्या शतकात सुरत आणि कोरोमंडलच्या किनाऱ्यावरून छापील, रंगवलेलं सुती कापड जहाजांनी फ्रान्सला जायचं. तिथे त्याला 'अँदिएन' म्हणत. लोकांना ते इतकं आवडलं की रेशीम आणि लोकर विणणाऱ्यांचा धंदा बसायला लागला आणि १६८६ साली राजाने ते कापड आणण्यावर आणि छापण्यावरच बंदी घातली. बंदी १७५९ पर्यंत होती! बायकांनी तरीही ते नेसणं, घरात लावणं सोडलं नाही. कारण साधं होतं : आपल्याकडच्या रंगाऱ्यांना तुरटीसारख्या क्षारांनी सुतावर रंग पक्का करता येत होता. धुतला तरी जायचा नाही. युरोपात तेव्हा ती करामत कोणाला नीट येत नव्हती.

बंदी उठल्यावर १७६० मध्ये ओबेरकाम्फ नावाच्या जर्मनीत जन्मलेल्या तरुण रंगाऱ्याने व्हर्सायजवळ झुई गावात छपाईचा कारखाना काढला. गावातून नदी जाते, कापड धुवायला पाणी हवंच. पुढे तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेली एकरंगी चित्रं आली. मेंढपाळ, झोपाळे, अवशेष, झाडं. तेच आज जगभर फ्रेंच शैलीची खूण म्हणून ओळखलं जाणारं 'तुवाल द झुई'. म्हणजे ज्याला आपण अस्सल फ्रेंच म्हणतो, त्याच्या मुळाशी आपल्या किनाऱ्यावरून गेलेलं कापड आहे. झुईला याचं संग्रहालय आहे, दोघं मिळून जाऊन या. पॅरिसच्या मेट्रोतलं ओबेरकाम्फ स्थानक याच माणसाच्या नावाचं. तुमच्या विभागापासून लांब नाही.

गोधडीबद्दल एक सांगते. दक्षिणेत प्रोव्हान्समध्ये 'बूती' नावाची रजई करतात. दोन थरांचं कापड बारीक टाक्यांनी शिवून मागून सुताची वात सरकवतात, त्यामुळे नक्षी फुगून वर येते. लग्नाला मुलीबरोबर देत. जुन्या बाजारात एखादी साधी पांढरी बूती मिळाली तर पलंगावर ती घाला आणि पायथ्याशी गोधडी घडी करून ठेवा. दोन्ही घरगुती बायकांच्या हातची कामं आहेत, शेजारी शेजारी फार सुरेख दिसतील.

अस्तराला सुती कापड हवं असेल तर मोंमार्त्रच्या पायथ्याशी सँ-प्येर बाजार आहे, आँव्हेर स्थानकापाशी. तिथल्या काही दुकानांत तीन मीटरचे तागे कापून ठेवलेले असतात, ते स्वस्त पडतात.

निवडुंग :

वरच्या दोघींशी सहमत, पण भिंती पांढऱ्याच ठेवायच्या याच्याशी नाही. निदान एक खोली तरी रंगवा.

जिव्हेर्नीला चित्रकार मोनेचं घर बघा. १८८३ पासून १९२६ मध्ये जाईपर्यंत तो तिथे राहिला. त्याची जेवणाची खोली पूर्ण पिवळी आहे. भिंती, कपाटं, खुर्च्या, सगळं दोन छटांच्या पिवळ्यात. त्यावर निळसर जपानी छापचित्रं, अशी दोनशेहून जास्त त्याने जमवली होती. शेजारच्या स्वयंपाकघरात निळ्या टाइल्स आणि भिंतीवर ओळीने टांगलेली तांब्याची भांडी. पिवळ्या खोलीतून दारातून निळं दिसावं म्हणून ते तसं केलेलं आहे. तुमची हळदी इरकल आणि घंगाळ वाचून मला थेट तेच घर आठवलं. पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकावरून व्हेर्नोंची गाडी पकडायची, पुढे बस. एप्रिल ते ऑक्टोबर उघडं असतं.

एवढं लांब जायचं नसेल तर मारे भागात कार्नाव्हाले संग्रहालय आहे, कायमचं दालन फुकट बघता येतं. जुन्या घरांतल्या आख्ख्या खोल्या उचलून आणून लावल्यात. भिंतींना लावलेल्या रंगीत लाकडी फळ्या बघाल तर फ्रेंच लोक फिकट रंगांचे, हा समज राहणार नाही.

गंजिफा चौकटीत बंद करू नका, ही मात्र हात जोडून विनंती. पत्ते खेळायचे असतात. डबी चहाच्या टेबलावर राहू दे. घरातली वस्तू हाताळली गेली की प्रदर्शन वाटत नाही, माझा तरी हा पक्का अनुभव आहे. घंगाळात पाणी घालून खिडकीशी झाड ठेवा, ताम्हणात किल्ल्या टाकू नका (एवढं मला झेपणार नाही), लिंबं ठेवा. पाणी प्यायला ड्युरालेक्स कंपनीचे काचेचे पेले घ्या. इथल्या शाळांच्या खानावळीत पिढ्यान् पिढ्या तेच. मुलं पेल्याच्या तळाचा आकडा बघून 'तू किती वर्षांचा' असं एकमेकांना विचारतात. चहासुद्धा त्यात छान लागतो.

उंबरठा :

रंग द्यायच्या आधी भाडेकरार वाचा. १९८९ च्या भाडे कायद्याने भाडेकरूला घर आपल्या सोयीने लावता येतं, पण मूळ रूप बदलायचं तर मालकाची लेखी परवानगी लागते. भिंत रंगवायला सहसा हरकत घेत नाहीत, तरी भडक रंग असेल तर घर सोडताना पांढरा परत मारून द्यावा लागू शकतो. घरात शिरताना जी पाहणी होते, 'एता दे लिय', त्यात जमिनीवरचा प्रत्येक ओरखडा लिहून घ्या, फोटो जोडा. रिकाम्या घराची अनामत एक महिन्याच्या भाड्याएवढी असते, ती याच कागदावर अडते किंवा सुटते.

चित्रं टांगायला ड्रिल नको. हार्डवेअरच्या दुकानात बारीक खिळ्यांचे पितळी हुक मिळतात, जुन्या प्लास्टरमध्ये ते छान बसतात आणि भोक टाचणीएवढं पडतं.

खिडकीपाशी :

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! कापडचोपड, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो स्वतः झुईला जायची तारीख काढतोय. निवडुंग, झोपण्याची खोली पिवळी करायचं जवळजवळ ठरलंय, मालकीणबाईंना पत्र लिहिलंय. बैठक पांढरी राहील, दिवेलागणचं पटलं.

देवांचं मात्र कोणीच सांगितलं नाही. बंद शेकोटीच्या कोनाड्यात ठेवावेत का? आईला फोनवर विचारलं तर ती म्हणाली, "चुलीच्या जागी देव? बघ बाई." म्हणजे तिला पसंत नाही की नुसतीच शंका आहे, कळेना.

दिवेलागण :

अगं, ती अग्नीचीच जागा आहे, त्यात वावगं काय? पण खाली बसून पूजा करणं रोज जमणार आहे का ते बघ. कट्टा छातीच्या उंचीवर येतो, तिथे देव ठेवलेस तर उभ्याने पूजा होते आणि मागे आरसा असल्याने समईच्या ज्योती दुप्पट दिसतात. आमच्याकडे तसंच आहे, शेकोटी पश्चिमेच्या भिंतीला असल्याने देव आपोआप पूर्वेकडे तोंड करून बसले. तुझी भिंत कुठली ते बघ. संगमरवरावर तेलाचे डाग उतरत नाहीत, समईखाली ताम्हण ठेवच. आणि धुराची सूचना देणारं यंत्र २०१५ पासून प्रत्येक घरात सक्तीचं आहे, ते काढू नको. उदबत्ती त्याच्या थेट खाली लावली नाही की झालं.

आईंना गणपतीत ला शापेलच्या देवळातल्या रथयात्रेला ने. तमिळ मंडळींचं देऊळ आहे, रस्त्यावर नारळ फोडतात, खूप गर्दी असते. तुमच्या घरापासून चालत जाता येईल.

खिडकीपाशी :

हे किती छान! भिंत पश्चिमेचीच आहे, देव कट्ट्यावर. आता फक्त फर्निचर. रविवारी निघायचा विचार आहे. जुना बाजार कुठला बघू, सँ-तुआँचा की वाँव्हचा?

उंबरठा :

पहिल्यांदा वाँव्ह. शनिवार-रविवार सकाळी भरतो, लहान आहे, दिवे, भांडी, आरसे, कापड रास्त मिळतं. लवकर जा, दुपारी सगळे आवरतात. सँ-तुआँ फार मोठा, कपाट किंवा टेबल बघायला जा, पण भाव चढे. साध्या लाकडी खुर्च्यांसाठी एमाऊसची दुकानं बघा, १९४९ मध्ये आबे पिएर या धर्मगुरूने सुरू केलेली संस्था आहे, पैसा गरजूंच्या कामी जातो. शिवाय गल्लोगल्ली 'व्हीद-ग्रेनिए' भरतात, लोक आपल्या माळ्यावरचं सामान विकायला बसतात.

दोन गोष्टी तपासा. लाकडाला बारीक गोल भोकं आणि खाली ताजा भुसा दिसला तर कीड जिवंत आहे, घेऊ नका. आणि रस्त्यावर ठेवून दिलेल्या गाद्या, गादीच्या खुर्च्या कितीही सुंदर असल्या तरी उचलू नका, ढेकूण येतात.

मोजपट्टी खिशात ठेवा. तुमच्या इमारतीची लिफ्ट नंतर जिन्याच्या मधल्या पोकळीत बसवलेली असणार, दोन माणसांपलीकडे मावत नाही. कपाट घ्यायच्या आधी जिन्याचं वळण आणि खिडकीची रुंदी मोजून जा. जिन्याने नाही गेलं तर खिडकीतून चढवणारी शिडीची गाडी भाड्याने मिळते, तिचा खर्च कपाटाच्या किमतीत धरूनच घासाघीस करा.