शब्दचर्चा : 'सांत स्वयंचल' की 'सांतावस्था यंत्र'?

प्रश्न : पुण्यातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी टीओसी (थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, म्हणजे संगणनाचा सिद्धान्त) या विषयाची मराठी टिपणे तयार करीत आहे. 'फायनाइट ऑटोमेटा', म्हणजे एकेक चिन्ह वाचत अवस्था बदलणारी काल्पनिक यंत्रे, यांसाठी 'सांत स्वयंचल' हा शब्द चालेल का?

उत्तर : 'सांत' योग्यच आहे, बालभारतीच्या गणितामुळे 'सांत संच' आणि 'अनंत संच' ही जोडी विद्यार्थ्यांच्या परिचयाची असते. मात्र येथे अंत कशाला आहे, हे संज्ञेतूनच कळले पाहिजे. यंत्राला दिल्या जाणाऱ्या चिन्हमालिकेच्या लांबीला ठरावीक मर्यादा नसते, आणि यंत्र ज्या मालिका स्वीकारते त्यांचा संच, ज्याला या शास्त्रात 'भाषा' म्हणतात, तोही अनंत असू शकतो. सांत असतात त्या यंत्राच्या अवस्था. म्हणून मी 'सांतावस्था यंत्र' सुचवीन.

तीनने भाग जाणाऱ्या संख्या ओळखणारे यंत्र घ्या. बाकी ०, १ आणि २ अशा तीनच अवस्था त्याला पुरतात. आरंभ ० पासून होतो, वाचलेला प्रत्येक अंक आधीच्या बाकीत मिळवून तीनने भागल्यावर जी बाकी उरेल त्या अवस्थेत यंत्र जाते, आणि शेवटी ते ० वर असेल तर संख्या स्वीकारली जाते. सदाशिव पेठेचा पिनकोड ४११०३० वाचताना अवस्था क्रमाने १, २, ०, ०, ०, ० अशा येतात, म्हणजे तो स्वीकारला जातो. हजार अंकी संख्येलाही याच तीन अवस्था पुरतात, कारण यंत्र आधीचे अंक लक्षात ठेवत नाही, केवळ बाकी ठेवते.

यंत्राची मर्यादाही या सांतपणातूनच येते, आणि विद्यार्थ्यांना ती संज्ञेतच दिसावी असे मला मनापासून वाटते. जितके कंस उघडले तितकेच पुढे मिटले का, हे कितीही कंसांसाठी तपासणे या यंत्राला अशक्य आहे. उघडलेल्या कंसांची संख्या हवी तितकी वाढू शकते, अवस्था मात्र मोजक्याच, त्यामुळे कोणत्या तरी दोन वेगळ्या संख्यांनंतर यंत्र एकाच अवस्थेत येते आणि तेथून पुढे त्यांच्यात फरक करू शकत नाही.

प्रश्न : मग 'नॉनडिटरमिनिस्टिक'साठी 'अनिश्चित' घ्यावा का?

उत्तर : घेऊ नये; त्यातून यंत्राच्या उत्तराचा भरवसा नाही असा चुकीचा अर्थ निघतो. एकाच चिन्हावर अनेक वाटा खुल्या असतात आणि त्यांपैकी एक जरी स्वीकारावस्थेत (वरच्या उदाहरणातील ० सारख्या) संपली तरी पुरते, एवढेच येथे अभिप्रेत आहे. म्हणून 'बहुपर्यायी' अधिक नेमका. रॅबिन आणि स्कॉट या संगणकशास्त्रज्ञांनी १९५९ साली दाखवले, की बहुपर्यायी यंत्राचे काम एकपर्यायी, म्हणजे प्रत्येक चिन्हावर एकच वाट असलेले, यंत्रही करू शकते. मूळ यंत्राच्या अवस्था १० असल्या, तर एकपर्यायी यंत्राला फार तर १०२४ अवस्था लागतात.