आयर्लंड : कॅथलिक खासदाराने श्रद्धा सभागृहाबाहेर ठेवावी का?

कोयनाकाठ (धागाकर्ता)
आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, म्हणून आपण त्यांचं कौतुक करतो. मला मात्र त्यांच्या फिन गेल पक्षातली दुसरीच गोष्ट खटकते. २०१३ मध्ये आईच्या जिवाला धोका असल्यास गर्भपाताची मुभा देणारं विधेयक आलं. त्यात आत्महत्येचा धोकाही धरला होता. पक्षाने व्हिप बजावला. लुसिंडा क्रेटन यांनी विरोधात मत दिलं आणि त्यांचं राज्यमंत्रिपद गेलं. तेव्हाचे पंतप्रधान एंडा केनी स्वतः कॅथलिक, पण आपण 'कॅथलिक पंतप्रधान' नाही असं त्यांनी सभागृहात ठणकावलं.

समाजवादी खासदार आपला समाजवाद आत घेऊन जातो, मग कॅथलिकानेच मन बाहेर का ठेवायचं? चर्चचा कायदा धर्मगुरूंना सत्तापद घेऊ देत नाही. म्हणजे हे काम प्रापंचिकांचंच, धर्मगुरू नसलेल्या सामान्य श्रद्धावंतांचं. १९६२-६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनेही, ते त्यांच्यावरच सोपवलं.

निवडुंग
आणि सविता हलप्पनवार? बेळगावची दंतवैद्य. ऑक्टोबर २०१२, आयर्लंडमधल्या गॉलवेचं रुग्णालय. गर्भ वाचणार नाही हे कळलेलं होतं, तरी गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला. सेप्सिसने, म्हणजे अंगभर पसरलेल्या संसर्गाने गेली. 'हा कॅथलिक देश आहे' असं आपण म्हटल्याचं सुईणीने नंतर साक्षीत कबूल केलं. तुमच्या खासदाराच्या सदसद्विवेकाची किंमत तिने का मोजायची?

कोयनाकाठ
संसर्ग वेळेत ओळखला गेला नाही, हेही चौकशीत निघालं. आणि गर्भाच्या जगण्याचा हक्क घटनेत घालणारी १९८३ ची दुरुस्ती बिशपांच्या फतव्याने नाही, सार्वमताने झाली होती.

निवडुंग
त्याच चौकशीने कायद्याकडेही बोट दाखवलं होतं. ते तेवढं गाळलंत.

डब्लिनची_पावसाळी
इथे राहते म्हणून लिहिते. सरकारी पैशावर चालणाऱ्या प्राथमिक शाळांपैकी दहातल्या जवळपास नऊ कॅथलिक व्यवस्थापनाखाली आहेत. केवळ प्रवेशासाठी मुलाचा बाप्तिस्मा उरकणारे पालक होते. ती अट २०१८ मध्ये सुटली. अशा देशात श्रद्धेवर अन्याय होतो हे ऐकून हसू येतं.
शिवाय २०१६ च्या जनगणनेत ७८ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हटलं होतं, आणि २०१८ मध्ये ती दुरुस्ती हटवायला ६६.४ टक्के मतं पडली. गणित करा. 'हो' म्हणणारे बहुतेक कॅथलिकच होते. तेही राजकारणात सहभागी झालेले प्रापंचिकच ना?

जुनी_वही
हा मुद्दा खरा महत्त्वाचा. १९५१ चं प्रकरण बघा. आरोग्यमंत्री नोएल ब्राऊन यांनी गरोदर माता आणि सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत उपचार देणारी योजना आणली. उत्पन्नाची अट नाही. बिशप बिथरले, डॉक्टरही. पंतप्रधान कॉस्टेलो बिशपांपुढे नमले. कॅथलिक म्हणून आपण चर्चच्या अधिकाऱ्यांचं ऐकतो आणि ऐकत राहू, असं त्यांनी संसदेत सांगितलं. ब्राऊन यांनी राजीनामा दिला आणि सगळा पत्रव्यवहार वर्तमानपत्रांना देऊन टाकला. (शाब्बास!) ब्राऊनही कॅथलिकच होते. मग यांतला कोण चर्चच्या शिकवणीला जास्त धरून होता?

निर्मळचा_डिमेलो
वसईचा कॅथलिक आहे, म्हणून घरातलं बोलतो. गर्भपातावर मत काय एवढं एकच तपासून कॅथलिक राजकारणी पारखायची आमच्यातही खोड आहे. निर्वासित, घरभाडं, मजुरी यांवर चर्चची शिकवण तितकीच स्पष्ट आहे, पण त्यावर कोणाचं मंत्रिपद जात नाही. हरित वसईच्या लढ्यात फादर दिब्रिटो पाणी आणि जमिनीबद्दल बोलले. ते पटायला कोणाला ख्रिस्ती व्हावं लागलं नाही. खासदारानेही असं बोलावं. बायबल वाचून खुशाल यावं, युक्तिवाद मात्र सगळ्यांना तपासता येईल असा हवा. तरी क्रेटनबाईंवर व्हिप नको होता, हे माझं मत.

कोयनाकाठ
चला, व्हिपवर कोणीतरी बोललं. बाकी सगळे टाळताहेत.

निवडुंग
टाळत नाही. पक्षाच्या चिन्हावर निवडून यायचं तर व्हिप आलाच. बाईंनी नवा पक्ष काढला, रेनुआ. २०१६ मध्ये एकही जागा नाही. लोकांनी उत्तर दिलं.

कोयनाकाठ
खासदार पॅडर टोबीन यांना त्यांच्या शिन फेन पक्षाने गर्भपात विधेयकाच्या विरोधात मत दिलं म्हणून २०१८ मध्ये निलंबित केलं. त्यांनीही पक्ष सोडून नवा काढला आणि २०२० मध्ये मीथ वेस्टमधून निवडून आले. ते उत्तर धरायचं की नाही?