अमेरिकेतला 'अध्यादेश' आणि तिथली 'आणीबाणी'

प्रश्न: व्हाइट हाउसमधून निघणाऱ्या एक्झिक्युटिव्ह ऑर्डरला आपली वर्तमानपत्रं सर्रास 'अध्यादेश' म्हणतात. बरोबर आहे का? आणि प्रेसिडेन्शियल डायरेक्टिव्हला काय म्हणावं?

उत्तर: अध्यादेश नक्कीच नाही. तो आपल्या घटनेच्या अनुच्छेद १२३ मधला शब्द. संसदेचं अधिवेशन नसताना राष्ट्रपती तो काढतात, त्याला कायद्याचं बळ असतं, आणि अधिवेशन भरल्यावर सहा आठवड्यांत मंजूर झाला नाही तर तो आपोआप बाद होतो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना असा अधिकारच नाही. त्यांच्या आदेशामागे घटनेचा नाहीतर काँग्रेसच्या (म्हणजे तिथल्या संसदेच्या) एखाद्या कायद्याचा आधार लागतो. १९५२ मध्ये, कोरियाचं युद्ध चालू असताना, संपाच्या तोंडावर ट्रूमन यांनी पोलाद कारखाने ताब्यात घ्यायचा आदेश काढला. सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो रद्द केला, कारण असा आधारच नव्हता. म्हणून 'कार्यकारी आदेश'. रुक्ष आहे, पण फसवत नाही.

डायरेक्टिव्हला मी 'निदेश' म्हणेन. घटनेच्या मराठी पाठात 'निदेशक तत्त्वे' आहेतच. हे निदेश परराष्ट्र, संरक्षण वगैरे खात्यांना जातात, पुष्कळदा गोपनीय असतात. नावही राष्ट्राध्यक्षागणिक बदलतं: रेगन यांच्या काळात एनएसडीडी (नॅशनल सिक्युरिटी डिसिजन डायरेक्टिव्ह), ओबामांच्या पीपीडी (प्रेसिडेन्शियल पॉलिसी डायरेक्टिव्ह). क्यूबाशी संबंध सुरळीत करायचा ओबामांचा निदेश ऑक्टोबर २०१६ चा. जून २०१७ मध्ये ट्रम्प यांनी त्याजागी स्वतःचा आणला. काँग्रेसमध्ये मतदान नाही, काही नाही!

दुसरे एक सदस्य: 'आणीबाणी'चंही बघा. आपल्याला लगेच १९७५, मिसाखालची (विनाचौकशी) धरपकड आणि सेन्सॉर आठवतो. तिथे कार्टर यांनी १४ नोव्हेंबर १९७९ ला, तेहरानमधल्या अमेरिकन वकिलातीतलं ओलीस प्रकरण चालू असताना, आणीबाणी जाहीर करून इराणची मालमत्ता गोठवली. तीच आणीबाणी पुढे दरवर्षी नोटीस काढून चाळीसहून अधिक वर्षं वाढवत नेली. तेवढ्यासाठी कुणा अमेरिकन संपादकाला कात्री लागली नाही.

उत्तर: खरंय. १९७६ च्या कायद्याप्रमाणे आणीबाणी जाहीर केली, की १९७७ च्या आर्थिक अधिकारांच्या कायद्यासारख्या कायद्यांची कुलुपं राष्ट्राध्यक्षांसाठी उघडतात. निर्बंध त्यातूनच येतात. शब्द ठेवावा, पण नुसता नको. 'इराणविषयक आणीबाणी' म्हटलं की घोळ होत नाही.

प्रश्नकर्ते: आणि काँग्रेसला ती संपवायची असेल तर?

उत्तर: ठराव करता येतो, पण त्यावर नकाराधिकार चालतो. २०१९ मध्ये मेक्सिको सीमेवरच्या भिंतीसाठीची आणीबाणी उठवायचा ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरून तो परत पाठवला आणि नकार उलटवायला लागणारी दोन तृतीयांश मतं काही जमली नाहीत.