मदत हवी आहे: 'म्हणजे' आणि 'यात समावेश होतो' यांत नेमका फरक काय?

नमस्कार मंडळी, कायद्याचा विद्यार्थी नाही, पण सध्या एक कायदा मुळातून वाचायला घेतलाय आणि व्याख्येच्या कलमातच अडकलोय. एका शब्दाची व्याख्या 'म्हणजे' अशी केलीय, दुसऱ्याची 'यात समावेश होतो' अशी. मला समजलं ते असं: 'म्हणजे' आलं की यादी बंद, आणि 'समावेश' आलं की शब्दाचा नेहमीचा अर्थ कायम राहून वर आणखी भर पडते. बरोबर आहे ना?

खरी पंचाईत पुढे आहे. समजा, 'कुत्री, मांजरे व इतर प्राणी' असं लिहिलंय. यात हत्ती येतो का? आधीच्या शब्दांच्या जातीचंच 'इतर' धरायचं, असा नियम वाचला. मग जात ठरवायची कशी? पाळीव, की लहान आकाराचे?

आणि परंतुक (म्हणजे 'परंतु...' असं म्हणून जोडलेली अट किंवा अपवाद)! ते पोटकलम (२) खाली छापलंय. म्हणजे फक्त त्यालाच लागू, की अख्ख्या कलमाला? समासातल्या शीर्षकावरून अंदाज बांधत होतो, तर मित्र म्हणाला, त्यावर फार विसंबू नकोस.

जाणकारांनी उदाहरण देऊन सांगितलं तर बरं होईल. 'वकिलाला विचारा' हे उत्तर मला आधीच मिळालंय :)