टॉप 10 मतांनी काढायचे आहेत: रिंग, सरासरी आणि काळ यांचा मेळ कसा घालायचा?

वाशी_सेकंडहाफ
वाशी, सानपाडा, नेरुळ मिळून आम्ही 12 जण एनबीएच्या (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) सर्वकालीन टॉप 10 खेळाडूंची एकच यादी करतोय. प्रत्येकाने 10 नावं क्रमाने लिहायची, पहिल्याला 10 गुण, दहाव्याला 1, मग बेरीज. तीन ठिकाणी गाडी अडली आहे. एक, रिंगांना, म्हणजे विजेतेपदांना, किती वजन द्यायचं? बिल रसेलच्या 11, मायकेल जॉर्डनच्या 6, लेब्रॉन जेम्सच्या 4 अशा नुसत्या मोजल्या तर बाकी चर्चेला अर्थच उरत नाही. दोन, विल्ट चेंबरलेनची 1961-62 ची सामन्याला 50.4 गुणांची सरासरी आजच्या आकड्यांशेजारी ठेवायची कशी? तीन, काही जण आपला खेळाडू वर यावा म्हणून प्रतिस्पर्धी खेळाडूचं नावच यादीतून उडवतात. याला आळा कसा घालायचा? कृपया नेमकी पद्धत सांगा, "ज्याचा त्याचा जॉर्डन" हे उत्तर नको.

कोपरी_बॅकबोर्ड
आधी कागदाच्या वर प्रश्न लिहा, कारण सध्या तुमचे 12 जण बहुधा तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत आहेत. शिखर (कुठलेही सर्वोत्तम 5 सीझन) की संपूर्ण कारकीर्द? बिल वॉल्टन घ्या. 1977 ला विजेतेपद आणि फायनल्स एमव्हीपी (अंतिम फेरीतला सर्वोत्तम खेळाडू), 1978 ला एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू), पण एकूण सामने फक्त 468. शिखराच्या यादीत त्याच्यावर बोलावंच लागेल, कारकिर्दीच्या यादीत तो खूप खाली जाईल. करीम अब्दुल-जब्बार याच्या नेमका उलटा: 20 सीझन, 1560 सामने, 38387 गुण, 6 एमव्हीपी. त्याचे गुण लेब्रॉनने 7 फेब्रुवारी 2023 ला ओलांडले. जॉर्डनचे सामने 1072, सरासरी 30.1. दोन्ही कसोट्या एकाच कागदावर आल्या की जो तो आपल्याला सोयीची कसोटी उचलतो. माझं मत, दोन याद्या करा आणि शेवटी एकत्र करायच्याच असतील तर निम्मं-निम्मं वजन द्या.

आता रिंग. नुसती संख्या फसवी आहे, रॉबर्ट हॉरी या सहायक खेळाडूकडे 7 आहेत. लीगमध्ये संघ किती होते तेही बघायला हवं. 8 संघांत जिंकणं आणि 30 संघांत जिंकणं सारखं नाही. सगळे संघ समान ताकदीचे असते तर त्या खेळाडूच्या वाट्याला किती विजेतेपदं आली असती, ते काढा. प्रत्येक सीझनला 1 भागिले संघांची संख्या, आणि सगळ्याची बेरीज.

रसेल: 8 संघांचे 5 सीझन, 9 संघांचे 5, मग 10, 12 आणि 14 संघांचा एकेक. बेरीज साधारण 1.4. जिंकली 11, म्हणजे जवळपास पावणेआठ पट.
जॉर्डन: 23 संघांचे 4 सीझन, 25 चा 1, 27 चे 5, 29 चे 5. बेरीज 0.57. जिंकली 6, म्हणजे साडेदहा पट.
लेब्रॉन, 2024-25 पर्यंत: 29 चा 1, 30 चे 21. बेरीज 0.73. जिंकली 4, साडेपाच पट.

हे संघाचं मोजमाप आहे, खेळाडूचं नाही, त्यामुळे एकूण गुणांच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त वजन देऊ नका. शिवाय संघ कमी म्हणजे चांगले खेळाडू थोड्याच संघांत एकवटलेले, ही रसेलच्या बाजूची गोष्ट इथे मोजलीच जात नाही.

घोडबंदर_सिक्स्थमॅन
विल्टबद्दल. तेव्हा खेळ भयंकर वेगात चालायचा. 1961-62 मध्ये एका संघाला 48 मिनिटांत सरासरी 126 च्या आसपास पझेशन (चेंडू ताब्यात असण्याच्या पाळ्या) मिळायची. म्हणून प्रति सामना नको, प्रति 75 पझेशन काढा.

विल्ट: सामन्याला 48.5 मिनिटं. 126 गुणिले 48.5 भागिले 48, म्हणजे साधारण 127 पझेशन. 50.4 भागिले 127, गुणिले 75: जवळजवळ 30.
जॉर्डन, 1986-87: 37.1 गुण, 40 मिनिटं, त्या वर्षी त्याच्या संघाचा, बुल्सचा, वेग 48 मिनिटांत 96 पझेशनच्या आसपास. म्हणजे 80 पझेशन. 37.1 भागिले 80, गुणिले 75: जवळजवळ 35.

पण इथेच थांबलात तर विल्टवर अन्याय होईल, आणि वाद घालणारे बहुतेक इथेच थांबतात. पुढची पायरी ट्रू शूटिंग, म्हणजे नेमबाजीच्या अचूकतेचं माप: गुण भागिले दोनदा (फील्ड गोलचे प्रयत्न अधिक 0.44 गुणिले फ्री थ्रोचे प्रयत्न). 0.44 का, तर बास्केट झाल्यावर मिळणारा एक जादा फ्री थ्रो किंवा टेक्निकलचा फ्री थ्रो वेगळं पझेशन खात नाही, म्हणून सरळ 0.5 धरता येत नाही. विल्टचे त्या सीझनचे आकडे: 4029 गुण, 3159 प्रयत्न, 1363 फ्री थ्रो. उत्तर 53.6 टक्के. तेव्हा लीगची सरासरी 48 च्या जवळ होती, म्हणजे तो साडेपाच टक्के वर. जॉर्डन 1986-87: 3041, 2279, 972. उत्तर 56.2, लीग 54 च्या जवळ, म्हणजे दोन-अडीच टक्केच वर. प्रमाणात जॉर्डन पुढे, अचूकतेत विल्ट. आकडा नेहमी त्याच वर्षीच्या लीगशी ताडून बघायचा, थेट दुसऱ्या दशकाशी नाही.

नियम कोर्टवर आखून बघा, पटकन डोक्यात बसतात. आपल्याकडची थ्री पॉइंटची रेघ फिबाची (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ), 6.75 मीटर. एनबीएची 7.24, म्हणजे वरच्या बाजूला जवळपास अर्धा मीटर मागे. बास्केटच्या कड्याच्या मध्याखाली टेप धरा आणि खडूने खूण करा. 1994-95 ते 1996-97 ही तीन वर्षं एनबीएने रेघ सगळीकडे 22 फुटांवर आणली होती, म्हणजे 6.71 मीटर, आपल्या रेघेच्या किंचित आतच. जॉर्डनचे थ्री 1995-96 ला 42.7 टक्के, 1996-97 ला 37.4, आणि रेघ परत मागे गेल्यावर 1997-98 ला 23.8. त्याच्या शूटिंगवर बोलताना ही तीन वर्षं वेगळी काढा. थ्री पॉइंट लीगमध्ये आला तोच 1979-80 ला, त्यामुळे त्याआधीच्या कुणालाही "थ्री नव्हता" म्हणून कमी गुण देऊ नका.

फ्री थ्रोच्या रेघेच्या आतला पट्टाही मोजा, तो अरुंद असला की उंच खेळाडूला बास्केटजवळ उभं राहणं सोपं जातं. आपला 4.9 मीटर रुंद. विल्टने 50.4 केले तेव्हा तो 12 फूट, म्हणजे 3.66 मीटर होता. 1964-65 पासून 16 फूट झाला. (जुन्या कोर्टवर पट्टा खाली पसरट दिसला तर तो फिबाचा 2010 पूर्वीचा नकाशा, त्यावरून मोजू नका.)

नेरुळ_बॉक्सआउट
बचावाचं कुणी बोललंच नाही म्हणून लिहितोय. ब्लॉक (शॉट अडवणं) आणि स्टील (चेंडू हिसकावणं) एनबीए 1973-74 पासून नोंदवते. म्हणजे रसेलच्या खात्यावर कारकिर्दीत एकही अधिकृत ब्लॉक नाही! तक्त्यातल्या त्या रिकाम्या रकान्याला शून्य समजून बेरीज केली की रसेल आणि विल्ट दोघंही आपोआप घसरतात. रकाना वगळा आणि उरलेल्यांची टक्केवारी करा. पुरस्कारांचंही तेच. फायनल्स एमव्हीपी 1969 ला सुरू झाला, तोही पहिल्यांदा हरलेल्या संघातल्या जेरी वेस्टला मिळाला. रसेलचं ते शेवटचं वर्ष. आज पुरस्काराला त्याचंच नाव आहे, पण त्याच्याकडे एकही नाही. डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर (सर्वोत्तम बचावपटू) तर 1982-83 पासून. रसेलच्या काळासाठी खरा पुरावा म्हणजे एमव्हीपीची मतं, कारण तेव्हा ती खेळाडू द्यायचे. 50.4 च्या त्याच सीझनला त्यांनी एमव्हीपी विल्टला नाही, रसेलला दिला. त्याच्यासमोर उभं राहून खेळणाऱ्यांचं मत मला कुठल्याही सूत्रापेक्षा मोठं वाटतं.

कोपरी_बॅकबोर्ड
रिकाम्या रकान्याचा मुद्दा एकदम बरोबर, माझ्याकडून राहिला होता.

ऐरोली_स्कोअरशीट
तिसरा प्रश्न मतमोजणीचा. नाव उडवता येतं कारण यादी उघडी आहे. दोन टप्पे करा. पहिल्यात प्रत्येकाने क्रमाशिवाय 15 नावं द्यायची, सर्वाधिक वेळा आलेली 15 ठेवायची. दुसऱ्यात सगळ्यांनी त्याच 15 नावांना 1 ते 15 क्रम द्यायचा, एकही गाळायचं नाही. गाळलं तर मतपत्रिका बाद, हे आधी जाहीर करा.

तरी कुणी लेब्रॉनला मुद्दाम पंधरावा टाकेलच. म्हणून प्रत्येक खेळाडूचे 12 गुण चढत्या क्रमाने लावा, वरचे 2 आणि खालचे 2 काढा, मधल्या 8 ची बेरीज करा. एकेकच काढलात तर दोघांनी संगनमत केल्यावर एकाचं मत शिल्लक राहतं. बरोबरी झाली तर 12 पत्रिकांपैकी किती जणांनी अ ला ब च्या वर ठेवलंय ते मोजा, इथे काहीही काढायचं नाही.

वरच्या जागांना जास्त वजन हवं असेल तर एनबीए एमव्हीपीसाठी वापरते ती 10, 7, 5, 3, 1 ही रचना आहे, पण ती पाच नावांची. 15 नावांना लावलीत तर सहाव्यापासून सगळे शून्यावर येतील.

वाशी_सेकंडहाफ
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन याद्या आणि 15 चा ठरलेला संच करतोय. एकच अडचण उरली, ज्युलियस अर्व्हिंगचे एबीएचे (तेव्हाची प्रतिस्पर्धी लीग) सीझन धरायचे का?

घोडबंदर_सिक्स्थमॅन
धरा. 1976 ला एबीएचे चार संघ एनबीएत आले आणि तिथले खेळाडू आल्या आल्या इथे चमकले. अर्व्हिंग 1981 ला एनबीएचा एमव्हीपी, 1983 ला विजेता. फक्त त्याचे एबीएचे थ्री वेगळ्या रकान्यात ठेवा, तिथे ती रेघ आधीपासून होती.